बोललेल्या वस्तूची जाहिरात लगेच दिसते ती कशी? फोन खरंच ऐकतो का?

पाटीपेन्सिल

एखादी वस्तू नुसती बोलण्यात येते. कुठे टाइप केलेली नसते, शोधलेली नसते. दोन-चार तासांत तिची जाहिरात समोर हजर! यावर दोनच उत्तरं ऐकायला मिळतात: 'फोन चोवीस तास ऐकतो' किंवा 'छे, मनाचे खेळ'. दोन्हींनी समाधान होत नाही, म्हणून हा धागा.

प्रश्न असे. माइक सतत चालू ठेवून बोलणं बाहेर पाठवणं तांत्रिकदृष्ट्या जमतं का, आणि तसं होत असेल तर ते पकडायचं कसं? ऐकत नसेल तर जाहिरात इतकी अचूक येते कुठून? आणि नेमकं काय बंद केलं तर फरक पडतो?

एक फोन अँड्रॉइड १३ चा आहे, दुसरा आयफोन. माइकची परवानगी चॅटिंगचं ॲप, कॅमेरा, रेकॉर्डर आणि व्हॉइस असिस्टंट एवढ्यांनाच आहे. माइकच्या भोकावर टेप लावा असाही सल्ला मिळाला. त्याचा काही उपयोग? 'सगळं उघडंच आहे, सोडून द्या' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

बिनतारी

आधी माइकचं बघू, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो.

असिस्टंट चालू असेल तर फोन सतत ऐकत असतो, हे खरं आहे. पण ते ऐकणं फार कोत्या प्रकारचं असतं. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतो. जागा असतो तो अगदी कमी वीज खाणारा एक छोटा सिग्नल प्रोसेसर. त्याच्याजवळ शेवटच्या काही क्षणांचा आवाज असतो. पाटीवर लिहावं आणि मागून पुसत जावं, तसा. त्याला भाषा कळत नाही. 'हे गूगल' किंवा 'सिरी' या एका ठरलेल्या आवाजाशी जुळतंय का, एवढंच तो तपासतो. जुळलं की मुख्य प्रोसेसर उठतो आणि त्यापुढचं बोलणं ओळखायला घेतलं जातं. ते काम कधी फोनमध्येच होतं, कधी सर्व्हरवर.

गडबड होते ती चुकीच्या जुळणीत. टीव्हीतला संवाद, मिळताजुळता उच्चार, अगदी झिप ओढल्याचा आवाजसुद्धा सिरीला हाक वाटू शकतो, असं २०१९ मध्ये बाहेर आलं. अशी चुकून सुरू झालेली रेकॉर्डिंग्ज दर्जा तपासण्यासाठी कंत्राटी माणसं ऐकत होती. ॲपलने माफी मागितली आणि रेकॉर्डिंग तपासणीला देणं ऐच्छिक केलं. अमेरिकेत त्यावर झालेल्या दाव्यात ९.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. आरोप मात्र कंपनीने मान्य केले नाहीत. म्हणजे बोलणं चुकून बाहेर जाऊ शकतं, याला पुरावा आहे. त्या बोलण्यावरून जाहिराती ठरतात, याला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर अर्धा वाद मिटतो.

आता डेटाचं गणित. बोलणं समजेल इतपत आवाज सेकंदाला १६ किलोबिटमध्ये मावतो. म्हणजे तासाला ७.२ एमबी, जागेपणाचे १६ तास धरले तर दिवसाला ११५ एमबी, महिन्याला जवळपास साडेतीन जीबी. आवाज दाबून लहान करणाऱ्या ओपस कोडेकच्या तळाच्या ६ किलोबिटला नेलं तरी महिन्याला सव्वा जीबी. सेटिंग्जमधल्या ॲपवार डेटावापरात हे लपत नाही; 'बॅकग्राउंड' नावाची ओळ वेगळी दिसते, ती बघा.

पण या गणितावर फार विसंबूही नका. फोनमध्येच बोलण्याचं लिखाण केलं आणि तेवढंच पाठवलं तर डेटा नगण्य होतो. देवनागरीतली प्रत्येक खूण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेते, तरी दिवसभराची बडबड काही शे केबीत बसते. मग किंमत डेटात नाही तर बॅटरीत मोजावी लागते. सतत ओळख चालवायची तर मुख्य प्रोसेसर जागा ठेवावा लागतो, फोन कोमट राहतो आणि बॅटरीच्या यादीत ते ॲप वर येतं.

त्याहून भक्कम अडथळा ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. अँड्रॉइड ९ पासून पडद्यावर नसलेल्या, मागे गेलेल्या ॲपला माइक मिळत नाही. रेकॉर्डरसारख्या ॲपला मागे राहून तो वापरायचा असेल तर वर सूचना दाखवत बसावी लागते. आयओएस १४ पासून माइक चालू असताना नारिंगी ठिपका येतो, कॅमेऱ्याला हिरवा. अँड्रॉइड १२ पासून दोन्हींना उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण. हाक ओळखणारा तो छोटा प्रोसेसर याला अपवाद, त्याच्यासाठी ठिपका येत नाही.

पकडायचं कसं? अँड्रॉइडवर सेटिंग्ज → प्रायव्हसी → प्रायव्हसी डॅशबोर्ड → मायक्रोफोन. कोणत्या ॲपने किती वाजता माइक घेतला, ते तिथे मिळतं. अँड्रॉइड १२ मध्ये २४ तासांचं, १३ मध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून ७ दिवसांचं. आयफोनवर सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → ॲप प्रायव्हसी रिपोर्ट. हा आधी चालू करावा लागतो, मागचं काही दाखवत नाही. चालू करून आठवडाभर विसरून जा. त्यात ॲप कोणकोणत्या डोमेनशी (वेबपत्त्याशी) बोललं तेही येतं, आणि माझ्या मते या धाग्याचं खरं उत्तर माइकच्या ओळीत नसून त्या डोमेनच्या यादीत आहे.

टेपचा उपयोग जवळजवळ शून्य. आजच्या फोनला दोन ते चार माइक असतात: खाली एक, वर एक, कॅमेऱ्याशेजारी एक. खालचं भोक बुजवलं की वरचा ऐकतोच. शिवाय गोंगाट कापण्यासाठी फोन दोन माइकांच्या आवाजाची वजाबाकी करतो. त्यातला एक झाकला की वजाबाकी चुकते आणि पलीकडच्याला 'विहिरीतून बोलताय का' असं वाटतं. भोकात पिन तर मुळीच घालू नका, आतला पाणीरोधक पडदा फाटतो. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत 'माइक ॲक्सेस' बटण असतं, ते सगळ्या ॲपचा माइक एका दमात तोडतं. टेपपेक्षा ते हजारपट बरं.

---

चाळणी

बिनतारी यांनी माइक निकालात काढलाच आहे, आता बाकीचं.

जाहिरात अचूक यायला तुमचं बोलणं लागतच नाही. तुमच्याशी जो बोलला त्याने काय शोधलं, एवढं कळलं तरी पुरतं. समजा, बोलण्यात तंबूचा विषय निघाला. तो कोणी काढला? बहुधा ज्याच्या डोक्यात तो आधीपासून घोळत होता त्याने, आणि त्याने तो आधीच शोधलेला असतो. आता दोघांचे फोन एकाच वाय-फायवर. बाहेरच्या सर्व्हरला त्या राउटरमागची सगळी यंत्रं एकाच आयपी पत्त्यावरून आलेली दिसतात. जाहिरातवाल्यांच्या भाषेत हे एक 'हाउसहोल्ड'. एकाने शोधलं की जाहिरात सगळ्या हाउसहोल्डला लावायची, हा त्या धंद्यातला रोजचा माल आहे. बोलणं दोन माणसांत झालं, पण माग तिसरीकडूनच लागला.

दुसरा धागा संपर्कयादीचा. ॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली की पूर्ण यादी वर जाऊ शकते. तुम्ही दिली नसली तरी तुमचा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनी दिलेली असते. कोण कोणाला ओळखतं याचा नकाशा असा दुसऱ्यांच्या हातून तयार होतो आणि त्यावर तुमचा ताबा नसतो.

तिसरा, ज्याकडे फार कमी लक्ष जातं: ईमेल आणि फोन नंबर. दुकानात बिलासाठी नंबर दिला किंवा साइटवर ईमेल दिला की विक्रेता तो एसएचए-२५६ या सूत्राने हॅश करून, म्हणजे त्याचा सांकेतिक शब्द बनवून, जाहिरात कंपनीकडे चढवू शकतो. गूगलकडे याला कस्टमर मॅच म्हणतात, मेटाकडे (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) कस्टम ऑडियन्स. तिकडेही तुमच्या खात्याचा नंबर हॅश केलेला असतोच. दोन हॅश जुळले की माणूस सापडला. 'हॅश केलंय म्हणजे नाव गाव नाही' हे ऐकायला बरं वाटतं. दहा अंकी नंबर एकूण १००० कोटीच असू शकतात, आणि साधं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जाच्या घरात हॅश काढतं. यादी उलटी करायला चहा गार होईपर्यंतही वेळ लागत नाही.

चौथा, फोनची ॲडव्हर्टायझिंग आयडी. ३२ अक्षरांचा हा क्रमांक सगळ्या ॲपांना सारखाच मिळतो, म्हणून टॉर्चच्या ॲपची नोंद आणि बातम्यांच्या ॲपची नोंद एकमेकींना चिकटवता येते. जाहिरातीची जागा भरताना होणाऱ्या लिलावात हा क्रमांक, आयपी, फोनचं मॉडेल आणि परवानगी असेल तर अक्षांश-रेखांश बोली लावणाऱ्यांकडे जातात. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो. गंमत म्हणजे जे बोली हरतात त्यांच्याकडेही माहिती पोचलेली असतेच. ती ठेवू नका असं करारात लिहिलेलं असतं, पण करार मोडला तर तपासणार कोण?

ठिकाणाबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. माणूस कुठे होता आणि केव्हा, असे अवघे ४ बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं काढायला पुरेसे ठरले. नाव नसलं तरी रात्री फोन कुठे असतो आणि दुपारी कुठे, यावरून घर आणि काम दोन्ही कळतं.

---

वाकडी वाट

एवढं सगळं असताना माइक कशाला हवा? ऐकणं महाग, अर्धवट आणि गोंगाटाने भरलेलं. शोधलेला शब्द फुकट, स्वच्छ आणि थेट खरेदीच्या इच्छेने भरलेला. धंद्याच्या हिशेबानेही माइक परवडत नाही.

---

उलटतपासणी

बहुतेक सहमत, पण 'माइक कधीच वापरला गेला नाही' असा समज होऊ नये म्हणून पुरवणी.

२०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने १२ ॲप बनवणाऱ्यांना इशारापत्रं धाडली. त्यांच्या ॲपांत सिल्व्हरपुश या जाहिरात-तंत्रज्ञान कंपनीचा कोड होता. टीव्हीच्या जाहिरातीत माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेची खूण दडवायची आणि फोनच्या माइकने ती ओळखायची, अशी त्याची करामत. स्पेनच्या ला लीगा या फुटबॉल लीगच्या अधिकृत ॲपने तर माइक आणि ठिकाण दोन्ही वापरून, कोणत्या बारमध्ये सामना परवान्याशिवाय दाखवला जातोय याचा माग काढला. तिथल्या डेटासंरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये अडीच लाख युरोचा दंड केला. लक्षात घ्या, परवानगी मागितलेली होती आणि लोकांनी दिलीही होती.

या दोन्हींत एक साम्य आहे. शोध बोलण्याचा नव्हता, ठरलेल्या आवाजाच्या ठशाचा होता. ठसा जुळवायला भाषा कळावी लागत नाही, बॅटरीही फारशी लागत नाही. त्यामुळे बिनतारी यांचं बॅटरीचं गणित इथे लागू पडत नाही. परवानगीचं मात्र पडतं. म्हणून सामन्याचा स्कोअर दाखवणारं किंवा खेळाचं ॲप माइक मागत असेल तर 'कशाला?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

उलट बाजूही सांगतो. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप आवाज रेकॉर्ड करून पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते भलतंच: काही ॲप स्वतःच्या पडद्याची चित्रं आणि व्हिडिओ तिसऱ्या कंपनीला पाठवत होती. अँड्रॉइडमध्ये ॲपला स्वतःच्याच पडद्याचं चित्रण करायला वेगळी परवानगी लागत नाही. लोक कान झाकायला धावतात आणि इकडे डोळा उघडाच. अर्थात ती तपासणी यंत्राने बटणं दाबून केलेली होती, लॉगिनमागचे सगळे कोपरे त्यात येत नाहीत. तेव्हा 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं मी म्हणणार नाही.

---

पाटीपेन्सिल

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. डॅशबोर्ड बघितला. माइकखाली फक्त चॅटिंगचं ॲप आहे, तेही कॉलच्या वेळांनाच. मग घरच्या घरी एखादा प्रयोग करून खात्री करता येईल का? नेटवर 'फोनसमोर मांजराच्या खाण्याबद्दल बोला आणि बघा' असे व्हिडिओ ढिगाने आहेत.

---

नाणेफेक

ते व्हिडिओ प्रयोग नव्हेत. विषय स्वतः निवडलेला, जाहिराती स्वतःच मोजलेल्या, आणि न बोललेल्या विषयांच्या किती जाहिराती आल्या याची नोंदच नाही. नीट करायचं तर असं करा.

एकमेकांशी संबंध नसलेल्या १० वस्तू घ्या. त्या डोक्यातून काढायच्या नाहीत. डोक्यात जी वस्तू येते ती कुठून तरी आलेली असते, आणि बऱ्याचदा ते 'कुठून तरी' म्हणजे आठवड्यापूर्वी नजरेआड गेलेली जाहिरातच असते. छापील कोश घ्या, फासे टाकून पान ठरवा, त्या पानावरची पहिली विकत मिळणारी वस्तू उचला. घोड्याचं खोगीर, मधमाश्यांची पेटी, कुंभाराचं चाक अशी, घरात कोणालाच न लागणारी. यादी कागदावर. नोट्सच्या ॲपमध्ये नाही, आणि तिचा फोटोही नाही.

पहिला आठवडा गप्प राहायचं. रोज ठरलेल्या वेळी एकाच ॲपमध्ये २० मिनिटं स्क्रोल करायचं आणि स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवायचं. बोट सारख्या वेगाने चालू द्या. जाहिरातीवर बोट रेंगाळलं तरी ती आवड म्हणून धरली जाते, मग प्रयोग स्वतःच स्वतःला जाहिराती आणून देतो. हा झाला तळ.

दुसऱ्या आठवड्यात १० चिठ्ठ्यांतून ५ उचला. त्या पाच वस्तूंबद्दल रोज १० मिनिटं, उघड्या फोनसमोर, आधी कागदावर लिहून ठेवलेला मजकूर मोठ्याने वाचा. उरलेल्या पाचांचं नाव नाही. स्क्रोल आणि रेकॉर्डिंग आधीसारखंच.

मोजणी दुसऱ्याने करायची, आणि कोणत्या ५ बोलल्या गेल्या हे त्याला माहीत नसावं. जुळणी कशाला म्हणायचं तेही आधीच लिहून ठेवा. खोगीर बोललं आणि घोडेस्वारीचे बूट दिसले तर धरायचं का? नंतर ठरवायला गेलात तर मन हवं तिकडे झुकतं.

पाचही बोललेल्या वस्तू दिसल्या आणि न बोललेली एकही नाही, असं निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता २५२ मध्ये १. असा निकाल आला तर इथे जरूर टाका. बोललेल्यांपैकी एक दिसली आणि बाकी काहीच नाही, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

---

तळटीप

वरचा आराखडा छान आहे, पण तो बिघडतो ठरलेल्या तीन जागी. मोजणारा त्याच वाय-फायवर बसून 'कुंभाराचं चाक म्हणजे नेमकं काय' हे शोधतो, आणि सगळ्या हाउसहोल्डला शिक्का बसतो. मजकूर वाचताना असिस्टंटला चुकून हाक जाते, म्हणून त्याला आधी बंद करा. नाहीतर काय मोजतोय तेच कळणार नाही. तिसरं, तिसऱ्याच दिवशी हुरूप येऊन कोणीतरी चॅटवर लिहितो, 'अरे, खोगिराची जाहिरात आली!' आणि त्यातल्या दुव्यावर टिचकीही मारतो.

अवांतर, पण मूळ प्रश्नाशी जोडलेलं. भाषाशास्त्रज्ञ आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये याला नाव दिलं, फ्रीक्वेन्सी इल्यूजन. एखादी गोष्ट नुकतीच लक्षात आली की ती सगळीकडे दिसू लागते. आधीही ती तिथे होतीच, डोळा तिच्यावर ठरत नव्हता. त्यात न जुळलेल्या जाहिरातींचा हिशेब कोणी ठेवत नाही. दिवसभरात बोललेल्या पन्नास विषयांपैकी एकोणपन्नासांची जाहिरात आली नाही, ही घटना म्हणून मनात राहतच नाही.

आणि याहून टोचणारी शक्यता उलट्या दिशेची आहे. जाहिरात आधी दिसली, लक्ष न देता पुढे सरकली, आणि दोन दिवसांनी 'सहज' तोच विषय बोलण्यात आला. मग पुन्हा दिसली तेव्हा वाटलं, फोनने ऐकलं! क्रम तपासायचा असेल तर गूगलच्या माय ॲड सेंटरमध्ये अलीकडे दाखवलेल्या जाहिरातींची यादी मिळते. बोलण्याच्या आधी ती तिथे होती का, ते बघा. 'मनाचे खेळ' म्हणून हसण्यासारखं यात काही नाही. आपल्याला काय सुचावं हेच कोणी आधी पेरून ठेवत असेल, तर ऐकणाऱ्या फोनपेक्षा ते जास्त खोल जातं.

---

चाळणी

तिसरा प्रश्न राहिला होता, काय बंद करायचं. जिथे फरक सर्वात जास्त पडतो तिथून सुरुवात.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज → गूगल → ॲड्स → डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी. 'रीसेट' नको, रीसेटने नवा क्रमांक मिळतो आणि जुन्याशी तो ईमेलवरून पुन्हा जोडता येतो. डिलीट केल्यावर ॲपांना नुसती शून्यं दिसतात. आयफोनवर सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → ट्रॅकिंग, तिथलं 'अलाउ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. हे आयओएस १४.५ पासून आहे. याने जाहिराती कमी होत नाहीत, त्या बावळट होतात. नेमकं तेच हवं आहे.

मग ठिकाण. हवामानाच्या ॲपला अचूक जागा लागत नाही. अँड्रॉइड १२ पासून 'यूज प्रिसाइज लोकेशन' बंद केलं की साधारण ३ चौरस किलोमीटरचा अंदाज जातो. आयफोनवर प्रत्येक ॲपखाली 'प्रिसाइज लोकेशन' वेगळं मिळतं. नकाशा आणि गाडी बोलावण्याचं ॲप सोडून कोणालाही 'ऑलवेज' देऊ नका. त्या दोघांनाही 'वापरताना' पुरतं.

कॉन्टॅक्ट्स: आयओएस १८ पासून निवडक नावंच देता येतात. अँड्रॉइडवर बहुतेक फोनांत सगळी किंवा एकही नाही, म्हणून चॅटिंगचं ॲप वगळता नकार द्या. नंबर टाइप करून काम भागतं. पण हे आधीच दिलेलं असेल तर परवानगी काढल्याने वर गेलेली यादी परत येत नाही. त्या सेवेच्या सेटिंग्जमध्ये 'अपलोडेड कॉन्टॅक्ट्स' शोधून ती वेगळी पुसावी लागते. इथेच बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात.

मेटाचं खातं असेल तर अकाउंट्स सेंटर → युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स → युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज. इतर साइटनी आणि ॲपनी तुमच्याबद्दल काय कळवलं, त्याची यादी तिथे आहे. आधी ती नीट वाचा, मग पुसा आणि पुढची जोडणी तोडा. 'फोन ऐकतो' म्हणणाऱ्याला ही यादी दाखवली की बहुतेकदा दुसरा पुरावा लागत नाही. गूगलवर वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीला ३ महिन्यांची आपोआप पुसणी लावा, आणि त्यातच 'व्हॉइस अँड ऑडिओ' ची खूण आहे का बघा. असेल तर काढा.

ईमेल प्रत्येक दुकानाला वेगळा द्या, टोपणपत्त्याच्या सेवेने. अधिकचं चिन्ह लावून केलेला पत्ता (नाव+दुकान@ असा) चालेल असं वाटतं, पण हॅश करण्याआधी अधिकपासून पुढचं कापून टाकणं ही एका ओळीची गोष्ट आहे.

शेवटी प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा आपण निवडायची सोय. अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमधल्या नेटवर्कखाली आहे. माग काढणारी डोमेन अडवणाऱ्या सेवेचं होस्टनेम तिथे टाकायचं. दोन त्रास होतील. यासाठी लागणारं पोर्ट ८५३ (जोडणीचं दार) बंद असलेल्या वाय-फायवर इंटरनेट लागणारच नाही, तेव्हा तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' वर आणा. आणि मुख्य साइटच्याच डोमेनवरून येणारा माग यातून सुटतो. हे जाळं आहे, भिंत नव्हे.

---

पाटीपेन्सिल

ते मेटाचं पान उघडलं आणि गप्पच व्हायला झालं. जी वस्तू 'फक्त बोललो' असं वाटत होतं तिच्या विक्रेत्याचं नाव यादीत आहे, बोलण्याच्या चार दिवस आधीची तारीख.

एक शेवटचं. टीव्हीला इंटरनेट जोडलेलं आहे, पण बघणं सगळं एचडीएमआयच्या डब्यावरून. म्हणजे टीव्हीला काही कळत नसेल ना?

---

बिनतारी

कळतं. स्मार्ट टीव्हीत एसीआर नावाची सोय असते. पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे ठसे ठराविक अंतराने घेऊन सर्व्हरवरच्या संग्रहाशी जुळवले जातात. ठसा पडद्यावरून घेतला जातो, त्यामुळे चित्र एचडीएमआयवरून आलं तरी तो घेता येतो. व्हिझिओ या टीव्ही कंपनीने हेच १ कोटी १० लाख टीव्हींवर न सांगता केलं म्हणून अमेरिकेत २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरले.

बंद करायच्या जागेला प्रत्येक कंपनीने मुद्दाम गुळमुळीत नाव दिलंय. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस', रोकूवर 'यूज इन्फो फ्रॉम टीव्ही इनपुट्स'. सॉफ्टवेअर अपडेट किंवा फॅक्टरी रीसेट झाल्यावर पुन्हा बघून घ्या; नव्याने अटी मान्य करताना सगळ्या चौकटींवर एकदम खूण होते. तुमचं बघणं डब्यावरूनच असेल तर सोपा उपाय आहे: टीव्हीची वाय-फाय जोडणी विसरायला लावा आणि नेट फक्त डब्याला द्या. मग डब्याच्या सेटिंग्ज उघडा. तोही ॲडव्हर्टायझिंग आयडी घेऊनच आलेला असतो.